चंद्राची दवंडी

माणूस चंद्रावर उतरला त्या सकाळी आमच्या घरात अंबाडीची भाजी शिजत होती आणि रेडिओचे सेल चुलीच्या उबेला ठेवले होते. एरवी सेल मंदावले की माय ते पत्र्यावर उन्हात टाकायची. तासाभरात त्यांच्यात थोडा जीव यायचा, तेवढ्या जीवावर संध्याकाळच्या बातम्या निघायच्या. पण ते आषाढाचे दिवस होते आणि आठवडाभर ऊन म्हणून पडलं नव्हतं. म्हणून चारही सेल एका जुन्या पितळीत मांडून चुलीच्या कडेला ठेवलेले, आणि माय थोड्या थोड्या वेळानं मला सांगत होती, "सुमे, फिरव गं ते, एका अंगानंच तापायलेत." भाकरी शेकावी तशी मी ते सेल फिरवत होते. बाहेर दादा, म्हणजे माझे वडील, छपराच्या वाशाला बांधलेली रेडिओची तार घट्ट करत होते आणि एकसारखं विचारत होते, "झाले का? झाले का गं? तितं ते उतरून माघारी यायचे, अन् तुमचे सेल न्हाई व्हायचे."

आमच्या गावाजवळच्या ताडकळसला रस्त्याच्या कडेला दादांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि बसायला खोकं. बदली झालेल्या एका मास्तरांनी बंद पडलेला रेडिओ त्यांना देऊन टाकला होता. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या बापानं तो खोलला, दोन महिने रोज रात्री जेवणानंतर त्याच्याशी झटापट केली आणि एके दिवशी त्याला बोलतं केलं. पंचायतीचाही एक रेडिओ होता. तो चावडीत काचेच्या कपाटात कुलपात असायचा. त्याची वायर उंदरांनी कुरतडून वर्ष झालं होतं, पण कुलूप मात्र शाबूत होतं. म्हणजे अख्ख्या गावात चालू रेडिओ एकच, आणि तो बौद्धवाड्यात, आमच्या घरात. गावाचं हे दुखणं कुठल्या औषधानं बरं होण्यासारखं नव्हतं.

त्याआधीचा आठवडाभर दादांनी वाड्याला वेड लावलं होतं. दुकानावरून आले की हातपाय धुवायच्या आधी जमिनीवर तवा ठेवायचे, ही आपली पृथ्वी. लांब उंबऱ्यापाशी एक वाटी, हा चंद्र. आणि मधून सायकलच्या बेअरिंगची गोळी सरकवत न्यायची, हे यान. शेजारपाजारची माणसं गुडघ्यात हनुवट्या घालून बघायची. तिघं गेलेत, दोघं उतरणार, तिसरा वरच फिरत राहणार, असं दादा सांगायचे. मला त्या तिसऱ्याचं फार वाईट वाटायचं. एवढ्या लांब जाऊन उतरायचं नाही म्हणजे काय? आबा, म्हणजे माझे आजोबा, भिंतीला टेकून तंबाखू मळत म्हणायचे, "अगं बाई, बाजाराला गेलं तर गाडीपाशी एक मानूस लागतोच की."

आबांचं थोडं सांगायला हवं. माझ्या आबांसारखा आवाज त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे मी नात म्हणून सांगत नाही. त्यांचा राग करणारी माणसंही ते कबूल करायची. निजामाच्या राजवटीपासून गावाची दवंडी त्यांच्याकडं होती. पिढीजात गावकीच ती. न सांगता राबायचं आणि उरलंसुरलं पदरात घ्यायचं. गळ्यात डफ अडकवून ते वेशीत उभे राहिले आणि "ऐका हो ऐका" म्हणाले, की नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवायच्या, असं माय सांगायची. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा दादा नुकते मिसरूड फुटलेले होते. मेलेली जनावरं ओढायची नाहीत, शिळं मागायचं नाही, दवंडी द्यायची नाही, असं वाड्यानं ठरवलं आणि ते पाळलं. आबांनीही पाळलं. डफ तेवढा त्यांनी टाकू दिला नाही. तो कणगीमागं खुंटीला असायचा, तोंड भिंतीकडं करून, आणि आबा कधीमधी त्याला तेल लावायचे. दादा बघितलं न बघितलं करायचे.

तर त्या सकाळी सेल बसवले, खरखर झाली, आणि यान रात्रीच टेकलं असल्याचं कळलं. दादा दुकानाला गेले नाहीत. पुढच्या बातम्यांपर्यंत कुणी जागचं हललं नाही. आणि मग तो माणूस शिडी उतरून खाली आल्याचं रेडिओनं सांगितलं. दादांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला उचलून खांद्यावर घेतलं, मी अकरा वर्षांची घोडी असताना, आणि ओरडले, "उतरला रं! मानूस उतरला!" गयाबाई आमच्या शेजारीण. तिनं चक्क कडाकडा बोटं मोडून आमच्या रेडिओची दृष्ट काढली. मायनं गूळ वाटला. आयुष्यात मी बऱ्याच आनंदाच्या बातम्या ऐकल्या, पण घरातल्या सगळ्या माणसांना एकाच वेळी स्वतः मोठं झाल्यासारखं वाटलं, असं पुन्हा झालं नाही.

ओरडा ऐकून सरपंच आले. म्हणजे वाड्याच्या तोंडाशी नाला होता, तिथवर आले आणि पलीकडंच थांबले. गावात ते सुधारक म्हणून प्रसिद्ध होते. मनगटाला घड्याळ, परभणीहून येणारं वर्तमानपत्र, आणि झेंडावंदनाला समतेवर भाषण. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, ही म्हण मी पुढं वर्गात पुष्कळ वर्षं शिकवली, आणि दर वेळी माझ्या डोळ्यांपुढं नाल्यापलीकडचं ते पांढरं धोतर उभं राहायचं.

"किसन, खरं का रे? उतरला म्हन?"

"उतरला मालक. चालायलाय तितं."

"शाब्बास! मग दवंडी द्यायला पायजे. आजूबाजूच्या धा गावांत पयली खबर आपल्या गावाची. सटवाला सांग डफ काढायला. दुपारच्या आत समद्या आळ्या फिरल्या पायजेत."

सटवा म्हणजे माझे आबा. दादांनी मला खांद्यावरून खाली ठेवलं. "दवंडी आमी सोडली मालक. तेरा वर्सं झाली."

"अरे, ही काय गावकी हाय का? ही विज्ञानाची बातमी हाय!"

"मग कोतवालाला सांगा. सरकारी मानूस हाय."

"त्यो दोन गावाला मिळून एक. बोलवूस्तोवर खबर शिळी व्हईल."

"मग माज्या दारात या," दादा म्हणाले. "रेडिओ भाएर ठिवतो, पोती अंथरतो. समद्या गावानं यावं, बसावं अन् आपल्या कानानं ऐकावं. दवंडी लागतच न्हाई."

सरपंचांनी घड्याळ बघितलं, उगीच. "गावानं तुज्या दारात यायचं?"

"मालक, चंद्रावर जाता येतंय. हितं यायला मधी नालाच हाय."

हे बोलायला नको होतं, असं वाड्यातली जाणती माणसं पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिली. मला आज सत्तरीच्या उंबऱ्यावरही ते वाक्य आठवलं की अंगावर मूठभर मांस चढतं. आणि संतापही येतो, कारण त्या माणसाला त्यात उद्धटपणाशिवाय काही दिसलं नाही. आमच्या रेडिओवरची बातमी त्याला चालत होती. आमच्या चुलीवर तापलेले सेल चालत होते. चंद्रावरचा परका माणूस चालत होता. आमच्या दारातलं पोतं तेवढं चालत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी वाड्यातल्या बायका खुरपी घेऊन बांधावर गेल्या आणि आल्या पावली परतल्या. शेतमालक मजूर नकोत म्हणाले. भर खुरपणीचे दिवस, कापसात आणि जवारीत गवत मातलेलं, आणि मजूर नकोत! तिसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाहून बैलगाडीनं बायका आणल्या. कुणी बहिष्कार हा शब्द उच्चारला नाही, सुधारक लोक तसे शब्द वापरत नाहीत. दादांचा राग ह्या बायकांवर काढला, वड्याचं तेल वांग्यावर. आणि दादांचं तर त्यांना काही बिघडवताही येत नव्हतं, कारण त्यांची गिऱ्हाइकं ताडकळसची. हे गयाबाईनंच आमच्या अंगणात उभं राहून सांगितलं. नवरा वारलेला, दोन लेकरं.

"किसनभाऊ, तुमचं पंचरवर भागतंय. आमचं खुरप्यावर हाय. तुमच्या एका शब्दापायी वाड्यानं किती दिस जवारीच्या कन्या खायच्या?"

मायनं घरातली जवारी पायलीनं मोजून तीन घरांत दिली. मग आमच्याकडंही कण्याच आल्या, आणि त्यांच्याबरोबर तरोट्याची भाजी. तरोटा पावसाळ्यात उकिरड्यावरही फुकट उगवतो, कोवळा असला तर बरा लागतो. आम्ही मुलींनी तो इतका खुडला की शेवटी जून, कडू पानंही सोडली नाहीत. आता परभणीच्या भाजीबाजारात तरोट्याची जुडी रानभाजी म्हणून हौसेनं विकायला असते. माझी सून आणते. मी त्या दिवशी भूक नाही म्हणून सांगते.

शाळेत गुरुजींनी वर्तमानपत्रातलं चंद्राचं चित्र फळ्यावर चिकटवलं. माणसाला अशक्य काही नाही, असं छान शिकवलं. मग मला उभं केलं. "तुझ्या बापाला सांग, एवढ्या मोठ्या कार्यात आडमुठेपणा बरा नव्हे. दवंडी दिली तर हात झिजतात का?" मी म्हणाले, "मग तुम्हीच द्या ना गुरुजी." तळहातावर चार छड्या बसल्या. माणसाला अशक्य काही नाही, पण मास्तराला गळ्यात डफ अडकवणं अशक्य आहे, एवढं विज्ञान मला त्या दिवशी समजलं.

मध्येच एका दुपारी ढग फाटले आणि पूर्वेला दिवसाउजेडी चंद्र दिसला, अर्ध्याहून मोठा, फिकट. आबा अंगणात आले, कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिले.

"कुनी दिसतंय का गं?"

"न्हाई आबा. ते माघारी गेले."

"गेले? गावाला कळायच्या आतच गेले?" ते म्हणाले आणि खाली बसले.

हल्लीचीच गोष्ट. आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा गावाहून मला फोन आला. नवीन पिढीतला शिकलेला, गोड बोलणारा मुलगा होता. शाळेत मोठा पडदा लावलाय, मॅडम तुम्ही पाहुण्या म्हणून या, म्हणाला. मला खरंच बरं वाटलं. मग म्हणाला, "आणि मिरवणूक काढायची आहे, तर वाजवायला तुमच्या वाड्यातली चार पोरं सांगा ना." मी फोन ठेवला.

आषाढी पुनव आली. वाड्यासाठी तो बुद्धांच्या पहिल्या उपदेशाचा मोठा दिवस, म्हणून जे धुतलेलं पांढरं असेल ते घालून सगळी दुपारी वंदनेला विहारात गेली. विहार म्हणजे तेव्हा एक पत्र्याची खोली. मेणबत्त्या घरीच राहिल्या होत्या, त्या आणायला मायनं मला पाठवलं. दारातून आत पाय ठेवला तर चुलीत जाळ होता, आणि आबा त्यावर डफ शेकत बसले होते. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, शेकल्याशिवाय ते बोलत नाही. बोटांनी हलकेच थाप मारून कान लावायचे, पुन्हा शेकायचे.

"आबा, काय करायलाव?"

"काय न्हाई बाई. तू जा वंदनेला."

"दादाला सांगू?"

"सांग. तुजा दादा लय शाना हाय. पर आज आठ दिस झाले, गयाच्या चुलीवर तवा न्हाई. माज्या एका फेरीनं मिटतंय समदं." त्यांनी डफ मांडीवर घेतला. मग ते जे बोलले ते त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं. "आन् खरं सांगू का? आजवर काय सांगितलं म्या ह्या तोंडानं? अमक्याचा बैल हरवला. तमक्याच्या घरादाराचा लिलाव हाय. पटकी आली, घरं सोडा. सारा भरा. हितं मानूस चांदावर गेला गं! असली खबर माज्या जन्मात आली न्हवती. येवडी एक माज्या तोंडून जाऊ दे."

आणि त्यांनी मला ऐकवली. बसल्या जागी, आवाज दाबून, डफावर दोन बोटं टेकवत. "ऐका हो ऐका. लहान-थोर, बाया-मानसं, ऐका. चांद आता कोरा न्हाई. मानूस तितं पाय उमटवून आलाय..." आवाज दाबलेला असूनही कोपऱ्यातली घागर झणझणली. ती बातमी मी रेडिओवर ऐकली होती, फळ्यावर बघितली होती, पण ती मला खरी वाटली ती तेव्हा.

मी खूप विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला एवढंच दिसलं की आबा डफ घेऊन नाला ओलांडतायत, आणि सरपंच चावडीत मांडी घालून हसतायत: आलास ना शेवटी? मग दादांची तेरा वर्षं, आमची कडू पानं, गयाबाईची उपाशी लेकरं, सगळं फुकट, आणि उद्या कुणाच्या बैलासाठीही हाक येणार. भिंतीला मायचं खुरपं टेकवलेलं होतं, आठ दिवस कामाविना. ते घेतलं आणि आबांच्या मांडीवरच्या डफात घुसवून खाली ओढलं. तापलेलं कातडं होतं, सरकन फाटलं.

आबांचा हात वर गेला. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही मारलं नाही. हात खाली आला आणि फाटक्या कडेवरून फिरत राहिला. "तेल पाजून पाजून मऊ ठिवला व्हता गं," एवढंच म्हणाले. मग उठले, पटका बांधला आणि रिकाम्या हातानं बाहेर पडले. मेणबत्त्या तिथंच टाकून मी मागं धावले.

चावडीत सरपंच आणि आणखी दोघं होते. आबा पायरीखाली उभे राहिले, मी त्यांच्या मागं.

"आलास सटवा? म्हनलंच म्या, पोराला न्हाई तर बापाला तरी कळंल. डफ कुडं हाय?"

"फाटला मालक."

"फाटला? कुनी फाडला?"

आबांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"म्या. माज्या हातानं. खुरप्यानं."

सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं, मढवून घे नवा. तोवर नुसत्या तोंडानं दे."

"न्हाई," आबा म्हणाले. पुढं मालक जोडलं नाही. पुन्हा एकदा म्हणाले, "न्हाई," आणि वळले.

पुढं चारच दिवसांत बायकांना कामावर बोलावणं आलं. कुणाचं मन बदललं म्हणून नव्हे, बाहेरगावच्या बायकांना पुरेना इतकं गवत माजलं म्हणून. माफी नाही, विषय नाही, जसं काही घडलंच नव्हतं. दादांना मात्र आपल्या बापाचा एवढा अभिमान वाटला की ताडकळसच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "माज्या बापानं सोत्ताच्या हातानं डफ फाडला." आबा ऐकायचे आणि तंबाखू मळत राहायचे. मी खरं कधी सांगितलं नाही, दादा गेले तेव्हाही नाही. इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

डफ फाडला याचा मला पस्तावा नाही. आजही ते खुरपं हाती आलं तर मी तेच करीन. पण ते मला करावं लागलं, याचा राग इतकी वर्षं झाली तरी जात नाही. इतकी मोठी बातमी त्या गावात पुन्हा आली नाही, आणि ती सांगायला इतका मोठा आवाजही पुन्हा झाला नाही. दोन्ही एकाच आषाढात एकाच घरात होती, आणि ती दवंडी ऐकली फक्त मी.